रेषेवर न बसणारा ढोल

मला सगळं रेषेत लागतं. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात वाणांच्या नोंदी ठेवायची माझी नोकरी. दाण्याची लांबी, रुंदी, एका लोंबीला दाणे किती, हेच दिवसभर. घरी आले की लॅपटॉपवर गाणी रचायची, हा काही वर्षांपासूनचा नाद. बासरी, सनई, पन्नास व्हायोलिनं, सगळी त्या लॅपटॉपच्या पोटात, आणि एकही सुरात लावून घ्यावं लागत नाही. चंद्रपूरहून एक पॅडही आणलं होतं. पुस्तकाएवढं, वर सोळा मऊ रबरी चौकोन; आपण ज्या चौकोनात जो आवाज भरू तो बोटानं दाबलं की वाजतो. नवरा म्हणायचा, हिचं वाजवणं म्हणजे टायपिंग. ते थोडं खरंही होतं.

आमच्या केंद्राच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, वर्षानुवर्षं रोवणीला येणारे एक भाऊ होते. गोंड, जंगलातल्या गावचे, आणि आसपासच्या दहा गावांत त्यांच्यासारखा ढोल वाजवणारा दुसरा नाही. सायकलवरून पडले आणि उजवा खांदा गेला. बोटं शाबूत, मनगट शाबूत, पण हात छातीच्या वर उचलेना. काठीचा जोर तर सगळा खांद्यातूनच येतो. त्यात चैत्रात नातवाचं लग्न. त्यांच्या घरची रीत अशी की मांडवात घरचाच ढोल आणि तोही घरच्याच हातानं वाजवायचा. मुलगा कोरपन्याकडे सिमेंटच्या कामावर. त्याला ढोल येत नव्हता. त्यानं सरळ सांगून टाकलं, डीजे आणू.

भाऊ मला हे सांगायला आले तेव्हा रडवेले नव्हते, चांगले तापलेले होते.

"डीजे आनतो म्हन्ते. मंग मी मांडवात बसून काय करू? जेवू?"

मला फुशारकी मारायची संधी मिळाली. म्हटलं, "भाऊ, तुमचा ढोल मी कॉम्प्युटरवर वाजवून देते."

रविवारी स्कूटरवर लॅपटॉप, माइक घेऊन त्यांच्या गावी गेले. भिंतीवरचा ढोल तांदूळ वाहिल्याशिवाय खाली काढत नाहीत. तो मांडीवर घेऊन, डाव्या हातानं उजव्या हाताला आधार देत भाऊंनी एकेक ठोका दिला. मधला, काठाचा, तळव्याचा. प्रत्येक ठोक्यानंतर दम घेत. मी सगळे टिपून घेतले. मग त्यांनी लॅपटॉपकडे नीट पाहिलं.

"इतका आवाज पोटात घेतला त्यानं. यालेबी तांदूळ वाहा लागते."

मी तोंड उघडायच्या आत मूठभर तांदूळ लॅपटॉपच्या बटणांवर. दिवसभर दाणे मोजणारी मी बाई, उरलेली सकाळ हेअरपिननं दाणे उकरत बसले. एक निघालाच नाही. आजही स्पेसबार दाबला की करकरतो.

मग लग्नात बायका रांगेनं नाचतात त्या रेला नाचाचा ठेका त्यांनी बोटांनी ताटावर वाजवून दाखवला, तोही मी टिपला. घरी येऊन मी तो पडद्यावर मांडला आणि माझं डोकंच फिरलं. एक ठोका धड मात्रेच्या रेषेवर नव्हता. कुणी किंचित आधी, कुणी किंचित मागे. अशा वेळी एक बटण असतं; दाबलं की सगळे ठोके आपापल्या रेषेवर जाऊन बसतात. मी दाबलं. प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या शाळेसारखा ठेका सरळ झाला, आणि मी खूश होऊन झोपले.

पुढच्या रविवारी लॅपटॉप, स्पीकर आणि ढोलाचे ठोके भरलेलं पॅड घेऊन गेले. अंगणात बायकांनी हातात हात गुंफले, पुढे भाऊंची बायको. ठेका सुरू झाला. दोन फेऱ्या झाल्या आणि पायात पाय अडकायला लागले. पोरी खिदळल्या. भाऊंच्या बायकोनं हात सोडला, स्पीकरच्या मागे जाऊन वाकून पाहिलं आणि म्हणाली,

"हा कोनाकडे पाहून वाजून राह्यला?"

"ठेका अगदी बरोबर आहे," मी म्हटलं. "भाऊंच्यापेक्षाही बरोबर." हे वाक्य आठवलं की मला अजून लाज वाटते.

भाऊंनी समजावून सांगितलं. रेल्यात चाल ढोलवाला ठरवत नाही, पुढची बाई ठरवते. वळणावर ती पाऊल लांबवते, रांगेत नवखी पोर असली तर तिच्यासाठी थांबते, आणि ढोलवाला तिच्या पायाकडे पाहून ठोका धरून ठेवतो.

"पण त्या दिवशी तर नाच नव्हता," मी हट्टानं म्हटलं. "ताटावर वाजवलंत तेव्हाही ठोके मागेपुढेच होते."

भाऊ हसले, बायकोकडे बोट केलं. "हे नाई का, मोहफुलं वाळू घालत अंगनात फिरून राह्यली होती."

म्हणजे तो माणूस ताट वाजवतानाही बायकोच्या पावलांकडे पाहत होता, आणि मी एका बटणानं तिचे पाय त्यातून पुसून टाकले होते. मला खरंच वाईट वाटलं. लॅपटॉप मिटायला गेले आणि म्हटलं, "भाऊ, नाही जमत. डीजेच सांगा."

त्यांनी मात्र पॅड स्वतःकडे ओढलं. एका चौकोनावर बोट टेकवलं, ढोल वाजला. हळू टेकवलं, हळू वाजला.

"हे बोटानं वाजते ना मॅडमबाई? मंग माही बोटं कोनी तोडली?"

इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. त्यांच्याऐवजी वाजवणारं यंत्र मी शोधत बसले, आणि त्यांना हवं होतं त्यांनी वाजवायचं यंत्र. त्यानंतर ते रोज संध्याकाळच्या बसनं आमच्याकडे यायला लागले. पॅड मांडीवर, डोळे मात्र माझ्या पायांवर, म्हणून स्वयंपाकघरात मला तालात चालावं लागे. ढोलाच्या तीन आवाजांनी सोळा चौकोन भरत नव्हते, तर त्यांनी उरलेल्यांची मागणी केली. सुपात धान पाखडतात तो आवाज पाहिजे. ढोलाच्या लाकडावर काठी घासते तो पाहिजे. ठेक्याच्या मध्ये त्यांनी पाखडणं असं काही पेरलं की मी पोळी तव्यावर विसरले. ढोलावर त्यांना हे कधीच करता आलं नसतं. पाच-सहा वर्षांत मलाही सुचलं नव्हतं, याचा थोडा हेवा वाटला.

लग्नाच्या दिवशी मांडवात ढोल टांगला, त्याला तांदूळ वाहिले. त्याच्याखाली पाटावर पॅड, आणि लॅपटॉप मी आधीच पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. मुलानं स्पीकर आणून जोडले, पण तोंड आंबटच. भाऊंनी बोटं ठेवली. रांग हलली. त्यांनी पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही. बायकोनं वळणावर मुद्दाम पाऊल रोखलं, यांनी ठोका रोखला; तिनं आणखी रोखलं, यांनीही. सगळा मांडव दोघांची गंमत बघत होता. माझ्या पडद्यावर एकही ठोका रेषेवर नव्हता आणि मला ते पाहून फार आनंद झाला.

पाचव्या फेरीला भाऊ रंगात आले आणि घाई झाली. अख्खी रांग एकमेकींवर आदळली, एकच हशा. नाच थांबल्यावर बायको शेजारी येऊन बसली आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. भाऊ चक्क लाजले. मी विचारलं, काय म्हणतात?

"म्हन्ते, आपल्या लग्नातबी असीच घाई केली होती."

मी त्यांना सांभाळून घ्यायला म्हटलं, "सांगा ना भाऊ, मशीनची चूक झाली म्हणून."

भाऊंनी पॅडवरचा हात उचलला नाही. मुलगा वायर गुंडाळायला आला होता, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते म्हणाले, "नाई मॅडमबाई. थे चूक माह्या हाताची होय."