न खेळलेल्या फायनलचा कप

माझा नवरा रास अल खैमाच्या एका टाइल्स फॅक्टरीत एचआरला आहे. मुलीच्या शाळेसाठी आम्ही शारजात, अल नहदाला राहतो आणि तो रोज गाडीने जाऊन-येऊन करतो. फॅक्टरीतल्या कामगारांच्या क्रिकेट लीगचा सेक्रेटरीही तोच. थंडी सुरू झाली की कामगार राहतात त्या कॅम्पच्या मागच्या वाळूत, टेप लावलेल्या टेनिस बॉलवर मॅचेस होतात. भट्टी, पॅकिंग, ग्लेझिंग, मेन्टेनन्स अशा खात्याखात्यांच्या टीम. खेळणारे निम्मे तरी आपल्या कोकण-साताऱ्याकडचे.

नवऱ्याला पैजा लावायची खोड आहे, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. विमान वेळेवर उतरेल का यावरसुद्धा तो पैज लावायचा. मी हसण्यावारी न्यायचे. इथे हा प्रकार बेकायदेशीर आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, पण "मित्रामित्रांत चालतं गं," असं तो म्हणायचा आणि मी विषय सोडून द्यायचे.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "सीझन खलास. सेमीफायनल, फायनल काही नाही."

"का रे?"

"लेबर इश्यू. ओव्हरटाइमचे पैसे थकलेत म्हणून पोरांनी ओव्हरटाइम करणं बंद केलंय. मॅनेजमेंटला ग्राउंडवर गर्दी नकोय. पॅकिंगवाले पॉइंट टेबलात पहिले आहेत, त्यांनाच कप देऊन टाकू." मग म्हणाला, "रविवारी कप द्यायला तू चल. मॅडम आल्या की बरं दिसतं."

मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी इस्त्रीची साडी नेसले, मुलीलाही सोबत घेतलं.

कॅम्पच्या मेसमध्ये माणसं आंघोळी करून, केस विंचरून बसली होती. माझं नाव पुकारलं तेव्हा पुढच्या खुर्च्यांवरच्या तीन-चार सुपरवायझरांनी टाळ्या वाजवल्या. मागून एकही टाळी आली नाही. मला वाटलं, लाजत असतील. मग पॅकिंगच्या कॅप्टनला बोलावलं. संगमेश्वरकडचा, फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस. तो आला, मला नमस्कार केला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

मी कप पुढे केला. त्याने घेतला नाही.

"वहिनी, तुमचा अपमान करायचा नाहीये," तो म्हणाला. "पण आम्ही जिंकलेलो नाही. आमचा मेन बॅट्समन गावी गेलाय, भट्टीवाल्यांनी आम्हाला सेमीलाच धुतलं असतं. हे सगळ्यांना माहितेय."

नवरा मधेच म्हणाला, "अरे, घे ना बाबा. यल्ला, चल, फोटो काढू."

कॅप्टनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो माझ्याशीच बोलत राहिला. "भट्टीच्या कॅप्टनला फुजैराच्या गोडाऊनला पाठवलं, वहिनी. ग्राउंडवर मीटिंगा घेतो म्हणे. आम्ही ग्राउंडवर फक्त खेळायचो. पगाराचं बोलायचं ते इथे, जेवताना, सगळ्यांसमोर बोलायचो. मग मीटिंगांचं मॅनेजरला कोणी सांगितलं ते साहेबांना विचारा. आणि पॅकिंगवर पैसे कोणी लावले होते, तेही विचारा."

मी कप धरून तशीच उभी. हात खाली घ्यावा की वर ठेवावा, समजेना. शेवटी मेसचा स्वयंपाकी पुढे आला, त्याने तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि पाण्याच्या कूलरशेजारी ठेवला. निघताना कॅप्टन म्हणाला, "चहा घेऊन जा, वहिनी. केलेला आहे."

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "डॅड, डिड यू चीट?"

"मोठ्यांच्या गोष्टी आहेत, बेटा."

"दॅट्स नॉट अ नो."

मी म्हटलं, "उत्तर दे तिला."

त्याने गाडी बाजूच्या पेट्रोल पंपावर घेतली आणि स्टिअरिंगकडे बघत सगळं सांगितलं. ऑफिसातल्या काही जणांत पैज लागली होती. त्याने पॅकिंगवर पैसे लावले होते. पॅकिंगचा बॅट्समन गावी गेला आणि नवऱ्याचा धीर सुटला. ओव्हरटाइमचं भांडण आयतंच चालू होतं. ग्राउंडवर माणसं जमतात, तिथेच सगळं शिजतं, असं त्यानेच मॅनेजरला सांगितलं. लीग बंद झाली, कप पॅकिंगला गेला, पैज जिंकली.

"भट्टीच्या कॅप्टनची बदली करतील असं मला वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"उद्या मॅनेजरला खरं सांग."

"नोकरी गेली तर? आपल्या तिघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. हिची शाळा आहे."

यावर मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही त्या मेसपेक्षा जास्त लाज वाटते. आठवडा तसाच गेला. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी मनात त्याला शंभरदा सुनावलं, तोंडाने एकदाही नाही. रोज जेवताना मुलगी विचारायची, "डिड यू टेल देम?" आणि आम्ही दोघं ताटात बघायचो.

शेवटी तो गेला आणि मॅनेजरला सांगून आला. नोकरी राहिली, सेक्रेटरीपद गेलं. पैजेचे पैसे त्याने परत केले. कामगारांनी लेबर ऑफिसला तक्रार केली होती, तिच्यामुळे थकलेला ओव्हरटाइम मिळाला. त्यात आमचं काहीच श्रेय नव्हतं. भट्टीच्या कॅप्टनबद्दल मॅनेजर एवढंच म्हणाला, "गोडाऊनला माणूस हवाच होता. राहू दे तिथे."

मग आम्ही तिघं फुजैराला गेलो. भट्टीचा कॅप्टन गोडाऊनच्या गेटवर आला. आमच्याच वयाचा, सातारा बाजूचा, हाताला जुन्या भाजल्याच्या खुणा. नवऱ्याने माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं, "ठीक आहे, साहेब," म्हणाला आणि समोरच्या बकाल्यातून, छोट्या किराणा दुकानातून, मुलीसाठी ज्यूस घेऊन आला. आम्ही नको नको म्हणत राहिलो.

"इथे काम हलकं आहे," तो मला म्हणाला. "पण ओळखीचं कोणी नाही. जेवायला एकटाच बसतो. परत भट्टीत घ्या म्हणून साहेब एकदा लिहितील का?"

नवऱ्याने त्याच संध्याकाळी ईमेल लिहिला, पाठवण्याआधी मला वाचून दाखवला. उत्तर आलेलं नाही. त्यानंतर त्याने आणखी दोनदा लिहिलंय. आता तो घरी आला की मी दारातच विचारते, "आलं उत्तर?" आणि तो नकारार्थी मान हलवतो.