बातम्यांआधीची गिटार

त्या वर्षी रोज संध्याकाळी माझ्या हातून एक भाकर जळायची. बाकीच्या नीट व्हायच्या, पण बातम्यांच्या तोंडावर जी तव्यावर असेल तिचं काही खरं नसायचं. सासूबाई ती काळी भाकर उचलून माझ्याच ताटात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खाय. तुह्या गिटारीची हाय."

लग्नाला वर्ष होत आलं होतं. अनसिंगजवळचं आमचं गाव. घरात सासू आणि मी, आणि फळीवर माझ्या भावाने लग्नात दिलेला रेडिओ. नवरा वाशीमला एका कचेरीत शिपाई, शनिवारी यायचा. रेडिओ माहेरचा म्हणून माझा, असं माझं मत. फळी सासूची म्हणून फळीवरचं सगळं सासूचं, असं तिचं मत. सेल उतरत आले की दोघी मिळून ते उन्हात तापत ठेवायचो, तेवढ्यापुरती आमची एकी.

संध्याकाळी आधी बाजारभाव लागायचे. मग कुणीतरी साहेब कपाशीवरच्या अळीबद्दल बोलायचे. ते साहेब जरा लवकर आटोपले तर बातम्यांपर्यंतचा वेळ भरायला रेडिओवाले एखादं वाद्य लावून द्यायचे. कधी सनई, कधी बासरी. आणि एखाद्या दिवशी ती, पण कोणत्या दिवशी ते ठाऊक नसल्याने माझे कान रोजच तिकडे. नाव नाही, गाव नाही. मला तर ते वाद्य कोणतं हेही माहीत नव्हतं. नवऱ्याला तोंडाने वाजवून दाखवलं तेव्हा त्याने आधी दार लोटून घेतलं, मग म्हणाला, "गिटार असन. पन असं बाहेर कोनाले दाखवू नको."

खाली एक जाड आवाज शांतपणे चालत जायचा आणि त्याच्या डोक्यावर बारीक आवाजांची नुसती पळापळ. इतकी जलद, की आता सांडेल, आता सांडेल असं वाटायचं आणि थेंब सांडायचा नाही. ते चढत जायचं, अजून चढायचं, आणि आता हे कुठंतरी पोचणार असं झालं, की आवाज बारीक होऊन बातम्या सुरू. कधी जरा अलीकडे तुटायचं, कधी जरा पलीकडे. शेवटापर्यंत एकदाही नाही.

मला त्याचा शेवट ऐकायचा होता. दुसरं काही नाही. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा त्या शेवटासाठी मी कपाशीवरची अळी तोंडपाठ केली होती. साहेब लांबण लावायला लागले की चुलीपुढे मी त्यांना शिव्या घालायची. शनिवारी नवरा आला नाही तर मला छान झोप लागायची. गिटार मधेच तुटली की रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. शेतात निंदताना मधेच थांबायची, विहिरीवर बादली अर्धी ओढून उभी राहायची. बायका म्हणायच्या, पोरीचं माहेरी काही राहिलं दिसते. माहेरी काही राहिलं नव्हतं. बातम्यांच्या पलीकडे राहिलं होतं.

सासूबाईंचं वेगळंच चाललेलं. त्यांना शेवटाशी घेणंदेणं नव्हतं. त्या म्हणायच्या, "दोघं जन वाजवून राह्यले. एक म्हतारा, एक पोट्टा. म्हतारा खालून चालते, पोट्टा वरून पयते."

"एकच मानूस हाय, आत्याबाई."

"तू पाहाले गेलती?"

"तुमी गेलत्या?"

"मले पाहाले जा लागत नाही. माह्ये कान तुह्यासारखे भाकर जाळनारे नाहीत."

आम्हा दोघींना गाण्यातलं अक्षर कळत नव्हतं. विहारात वंदना म्हणायची, जयंतीला गाणी म्हणायची, तीही दुसऱ्यांच्या आवाजात आपला लपवून. मग त्या गिटारीत आम्ही ऐकत तरी काय होतो? मी पळणं ऐकत होते. वीस वर्षांची होते, पळायला जागा नव्हती, कुणीतरी पळतंय हेच खूप होतं. सासूबाई मात्र हात ऐकत होत्या. कापूस वेचण्यात त्यांच्यासारखी बाई आसपास नव्हती. डावा हात एका बोंडावर, उजवा दुसऱ्यावर, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यामुळे घाईचा हात कोणता आणि जलद हात कोणता, हे त्यांना न बघता कळायचं.

आता कोठीबद्दल सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिनेच केला. आमच्याकडे पत्र्याची कोठी होती, माणसाच्या छातीइतकी उंच, ज्वारी भरायची. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेला होता आणि चैत्र लागायच्या आतच कोठीने तळ दाखवला होता. उरलेली ज्वारी एका पोत्यात, मडक्यांच्या मागे. पण कोठी रिकामी आहे हे बाहेर कळता कामा नये, हा सासूबाईंचा कायदा. कोठीवर गोधड्यांचा ढीग रचलेला. फडक्याने पुसायची ती गालावरून हात फिरवावा तशी. तिच्यावर भांडं ठेवायचं नाही, चमचा आपटायचा नाही. भरलेली कोठी मुकी असते, रिकामी बोलते.

एप्रिलात जयंतीला अकोल्याहून ऑर्केस्ट्रा आला. रीत अशी, की ऑर्केस्ट्रावाले जेवायला घरोघरी वाटून द्यायचे. गाणारे पुढाऱ्यांकडे गेले. सासूबाईंनी मंडळाच्या पोरांना रस्त्यातच गाठलं. "मले ते गिटारवाले द्या. दोघंही."

"गिटारवाला एकच हाय, माय."

"मंग एक म्हना. दुसरा मांगून येईन."

दुपार कलताना तो आला. उंच, हाडकुळा, पायघोळ पँट, मानेपर्यंत केस, आणि उजव्या हाताची नखं वाढवलेली. गिटार गाडीत ठेवायला त्याचा जीव धजत नव्हता, म्हणून लेकरासारखी सोबत घेऊन आलेला. शेजारची मामी आणि आणखी चार-पाच जणी चटणी मागायच्या निमित्ताने दारात आल्या आणि दारातच राहिल्या. मी पोळ्या वाढत होते. वांग्याची भाजी वाढताना माझं लक्ष त्याच्या नखांकडे, आणि रस्सा त्याच्या पँटवर सांडला. तो म्हणाला, "राहू द्या वहिनी, रंग तोच आहे."

तो हात धुवून बसला आणि मला राहवलं नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, सासूकडे पाठ करून, मी म्हटलं, "रेडिओवर बातम्यांच्या आधी लागते, ते येते का तुमाले?"

"कोणतं?"

आता काय करणार. मी तोंडाने वाजवलं. डुम, डुम, डुम, आणि वरून टिरीटिरीटिरी. नवऱ्याने बजावलं होतं ते आठवलं, पण तोवर मी बरीच वर चढले होते. दारातल्या बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "बह्याड हाय, येडी. नवीन हाय अजून."

पण त्या माणसाचा चेहरा बदलला. "कपाशीच्या अळीनंतर लागते ते?"

"हाव."

"दोन वर्षांपासून त्याच्या मागं लागलो मी."

त्याने गिटार मांडीवर घेतली. ती विजेवरची गिटार, आणि आमच्या घरात वीज नव्हती. बोटं तर चालली, पण आवाज यायचा तो मच्छराएवढा. मामी म्हणाली, "हिले जेवू घालाचं राह्यलं वाटते."

तो ओशाळला. म्हणाला, "कशाला तरी टेकवावी लागते. पोकळ पायजे. लाकूड नाही तर पत्रा." दाराला टेकवून पाहिली. दार जुनं, जाड, ढिम्म.

आणि मी, घराची शहाणी सून, म्हटलं, "कोठीले टेकवा नं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरेपर्यंत त्याने गोधड्या उचलून बाजेवर ठेवल्या होत्या, गिटारीचं टोक कोठीच्या अंगाला दाबलं होतं आणि पहिली तार ओढली होती.

कोठी बोलली. काय बोलली म्हणून सांगू. तिच्या पोटातून तो जाड आवाज निघाला, जमिनीतून माझ्या तळपायात आला. मग वरची पळापळ सुरू झाली आणि ती पत्र्याच्या आत गरगर फिरून बाहेर पडायला लागली. रेडिओत जे बोटाएवढं होतं ते इथे घरभर झालं. फळीवरची भांडी किणकिणली. बायकांचं हसणं थांबलं. मी त्याच्या हातांकडे बघायला लागले की ऐकू येईना, आणि ऐकायला लागले की हात दिसेनात. दोन्ही एकदम काही जमेना.

सासूबाई पुढे सरकल्या. अगदी त्याच्या गुडघ्याजवळ बसल्या. अंगठा खाली चाललेला, बाकीची बोटं वर, कुणाचा कुणाशी संबंध नाही. त्या हळूच म्हणाल्या, "कापूस येचून राह्यला."

तेवढ्यात मामी दारातून म्हणाली, "कोठी लय गोड वाजून राह्यली वं तुही."

सगळ्यांना कळलं ती काय म्हणते ते. सासूबाईंनी मान वळवली नाही. म्हणाल्या, "वाजनच. पाहुना येनार म्हनून कालच खाली केली."

"मंग ज्वारी कुठी ठेवली?"

"तुह्या घरी धाडली नं. भेटली नाही का?"

बायका हसल्या, मामीही हसली, आणि तो विषय तिथे बुडाला. गिटार वर चढत होती. ती ते वळण ओलांडून गेली जिथे नेहमी तुटायची, त्याच्याही पुढे, एकदा पोळ्याच्या सणाच्या आसपास जिथपर्यंत ऐकली होती तिथपर्यंत, आणि वरच्या दोन तारा टिंग टिंग वाजल्या.

आणि तो थांबला.

"पुढं?" मी म्हटलं.

"पुढं मलेबी माहीत नाही, वहिनी." त्याने हात पुसले. "इथं बातम्या लागते."

दोन वर्षं तोही बिचारा अळीचीच वाट बघत बसलेला. कुठल्याशा खोलीत मांडीवर गिटार घेऊन, आणि मी इथे भाकर जाळत.

सासूबाई मात्र उठून उभ्या राहिल्या. "एवढ्यासाठी माही कोठी वाजवली? अर्धं ताट टाकून उठते का कोनी कोनाच्या घरून? संपव."

"पण माय, खरं कसं संपते ते—"

"खरं जाऊ दे. तुह्यं संपव."

त्याने डोळे मिटले. पुन्हा त्या वळणापासून धरलं, वर गेला, टिंग टिंग केलं, जरा घुटमळला, आणि मग खाली उतरत आला, सावकाश, आणि शेवटी सगळ्या तारांवर एकदम हात मारला. टण, टण, टण्ण. कोठी बराच वेळ घुमत राहिली.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता सुपारी घे."

त्यांच्यापुरतं झालं होतं. रात्री मांडवात कर्ण्यातून तीच गिटार कर्कश वाजली, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि आमच्या दारातल्या चार-पाच जणी एकमेकींकडे बघत बसल्या. माझी मात्र तगमग दुप्पट. हा शेवट त्याचा होता. त्या दुसऱ्याचा कसा असेल?

पुढे कधी रेडिओवर ती लागली आणि बातम्यांनी तोडली, की सासूबाई जागच्या जागी हात लांब करून कोठीवर थाप द्यायच्या. टण, टण, टण्ण. "झालं तुह्यं. भाकर पाह्य." आता कोठी झाकायची गरज उरली नव्हती, सगळ्या गावाला ती ऐकू गेली होती. हळूहळू मला त्या तीन थापांची सवय लागली. त्या पडल्या की झोप यायची. खरा शेवट मागे पडत गेला.

मग दिवाळी झाली आणि ज्वारी आली. त्या वर्षी चांगली पिकली होती. नवऱ्याने पोती खांद्यावरून आणून कोठीत ओतली, काठोकाठ. सासूबाईंनी झाकण लावलं, पदराने तोंड पुसलं आणि कितीतरी महिन्यांनी हसल्या. त्याच संध्याकाळी गिटार लागली. चढली, चढली आणि तुटली. सासूबाईंनी हात लांब केला.

बद, बद, बद.

त्यांना फरक पडला नाही. त्या समाधानाने जेवल्या. आणि भरल्या घरात, भरल्या कोठीपुढे, हातात काळी भाकर घेऊन, ही ज्वारी कधी संपेल याचा हिशेब करत बसलेली मी एकटीच.