उंचीच्या पट्टीवर कुणाचाच विश्वास नाही

आमच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. लोक संशय घेऊन येतात आणि किस्सा ठेवून जातात! कर्वेनगरात मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टर मॅडमकडे मी रिसेप्शनला आहे. मूल आत जाण्याआधी त्याची उंची मोजायची, हे माझं काम. एवढ्याशा कामात कसला आलाय संशय, असं वाटेल. पण बसून बघा एक दिवस माझ्या खुर्चीत.

*

एक गृहस्थ संध्याकाळी मुलाला घेऊन आले. पट्टीवर आकडा बघून म्हणाले, "सकाळी घरी मोजला तेव्हा जास्त होता. अर्धा सेंटिमीटर गेला कुठे?"

"अहो, दिवसभरात पाठीचे मणके जरा दबतात. सगळ्यांचेच."

पटलं नाही. बूट काढून स्वतःच पट्टीखाली उभे राहिले. आकडा बघून चेहरा पडला. "माझ्या लग्नाच्या बायोडेटात पाच फूट आठ आहे!"

बायको शांतपणे म्हणाली, "सकाळी लिहिला असेल."

*

ग्रोथ हार्मोन रक्तात दिवसभर सारखं नसतं. मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी ते थांबून थांबून सोडते, जास्त करून गाढ झोपेत. म्हणून तपासणीच्या दिवशी मुलाला उपाशीपोटी गोळी देऊन ग्रंथीला कामाला लावतात आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतात.

एका आईला शंका. "पहिलं रक्त सांडलं का? सारखं सारखं कशाला घेताय?"

मॅडमनी सगळं समजावलं. आईला पटलं, पण पोरगा ताडकन उठून बसला. "म्हणजे आई, रोज मला झोपेतून उठवून तूच बुटकं ठेवलंस!"

*

जिमवाला एक तरुण आला. म्हणे, हार्मोनचं इंजेक्शन द्या, उंची वाढवायचीय. मॅडमनी एक्स-रे दाखवला. हाडं वाढायची जागा बंद झाली होती. "आता घेतलंस तर उंची नाही वाढणार. पंजे, जबडा रुंद होतील, साखरही वाढेल."

बाहेर येऊन तो माझ्या कानाशी कुजबुजला, "ताई, मॅडम स्वतः बुटक्या आहेत ना? म्हणून देत नाहीत!"

*

पण माझा जीव अडकला होता तो हडपसरच्या सईत. तिच्या अंगात हे हार्मोन तयारच होत नाही. आई रोज रात्री औषध भरलेल्या पेनने इंजेक्शन द्यायची. पहिलं वर्षभर सई छान वाढली. मग आकडा हलेचना. इंजेक्शन लागू पडलं की लिव्हर जे द्रव्य बनवतं, तेही रक्तात घसरलेलं.

"इंजेक्शनचा परिणामच दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "हिची हाडं वाढायची जागा अजून उघडी आहे, पण कायम नाही राहणार. गेलेला वेळ मला परत आणता येत नाही."

"मी स्वतः टोचते हो रोज!" आईच्या डोळ्यात पाणी. मग हळूच दाराकडे बघून म्हणाली, "सासूबाई राहायला आल्यापासूनच हे सुरू झालंय."

आजी दाराशी सईची वेणी घालत बसल्या होत्या. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या, "पोरीला टोचताय कशापायी? आमच्यात कोण उंच हाय?" खरं सांगते, माझाही संशय त्यांच्यावरच होता.

मॅडमनी विचारलं, "पेन ठेवता कुठे?"

"फ्रीजमध्ये. पण सासूबाईंच्या हाताला लागू नये म्हणून वर, बर्फाच्या खणात. मटारच्या पिशवीखाली लपवते. देण्याआधी काढून ठेवते, पातळ होईपर्यंत."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, गोठलं की ते औषध वाया जातं!"

तेवढ्यात दारातून आजी म्हणाल्या, "मला ठावं होतं ते तिथं हाय. मटार मीच सोलून ठेवते की. मी राहायला आले तवा खालच्या खणात होतं, मग वर कसं गेलं, म्हनून रोज बघायची."

"मग बोलला का नाहीत?" सून ओरडलीच.

"बोलले असते, तर म्हनली असतीस, म्हातारीनंच ठेवलं!"