मान खाली घालायचं बटण

हेडसेट घालून खेळायच्या आमच्या भुताच्या गेममध्ये एक बाई आहे. बंद पडलेल्या शाळेच्या अरुंद व्हरांड्यात ती उभी असते. तिच्या डोळ्यांत पाहिलं की अंगावर येते. मान खाली घालून, तिच्या पावलांकडे बघत चाललं तर शेजारून जाऊ देते. ही कल्पना माझी. देवळाली कॅम्पच्या स्टॉपवर टवाळ पोरांसमोरून मी कॉलेजभर तशीच गेले होते.

मग तोच गेम टीव्हीवर, कंट्रोलरने खेळता येईल असा करायचं काम आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसात सुरू झालं. सोफ्यावर रेललेला माणूस स्वतःची मान कशाला खाली घालेल? म्हणून मी एक बटण त्यासाठी ठेवलं. दाबून धरलं की नजर खाली, बोट सुटलं की वर. बोट दुखायलाच हवं होतं मला.

टीमलीडने सगळ्यांना टीव्हीसमोर जमवलं. "कॉन्व्हेंट मॅडमनी लाजायचं बटण केलंय. दाखवा की."

मॅडम म्हणजे मी. सगळे हसत होते, मी खेळले. पडद्यावर नुसत्या फरश्या, मग साडीचा काठ, मग अगदी जवळ तिची पावलं. हसणं थांबलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, बास ना."

राहणार बटण, असं मला तेव्हा वाटलं.

टीमलीडने माझ्या हातातून कंट्रोलर ओढला आणि स्वतः खेळायला लागला. नजर खाली ठेवणं त्याला काही जमेना. दर वेळी वर बघायचा, दर वेळी मरायचा. कान लाल झाले.

"हा गेम आहे का शिक्षा? लोक पैसे देऊन मान खाली घालणारेत? काढ ते बटण. टॉर्च दे हातात. झोत मारला की बाई पळाली पाहिजे."

"सर, पण मग भीती..."

"मोठ्याने बोल! तोंडातून आवाज निघत नाही आणि चाललीय लोकांना घाबरवायला."

सगळे हसले. मघाशी 'बास' म्हणणाराही हसला.

बटण मीच काढलं. टॉर्चही मीच घातला. आता त्या बाईला कोणीही हाकलतं.

टीमलीड माझ्या टेबलाजवळून जातो तेव्हा मी खाली बघते. घाबरते, असं त्याला वाटत असावं. त्याचे बूट मला पाठ झालेत. डाव्याचा तळ पुढून सुटत आलाय, जिन्यात अडकणार एक दिवस. सांगणार नाही.