किसनसिंगसाठी काढलेली नवी वाट

आर्णीजवळच्या तांड्यावरचा किसनसिंग राठोड विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. एकेचाळिसाव्या वर्षी त्याच्या पायांवर सूज चढली, लघवी अडू लागली आणि तपासणीत दोन्ही किडन्या निकामी झालेल्या निघाल्या. कारण विचित्र होतं. माणूस अंगानं काटक, पण ओटीपोटात चरबी वाढत गेली होती. तिनं मूत्राशय आवळून वर ढकललं होतं आणि किडनीतून उतरणाऱ्या नळ्या दाबून टाकल्या होत्या.

तो डायलिसिसला यवतमाळला जाऊ लागला. पुसदला दिलेली थोरली बहीण पुष्पा किडनी द्यायला तयार झाली, तिची जुळलीही. तरी दोन ठिकाणच्या डॉक्टरांनी नकार दिला. किडनी बसवू, पण तिची नळी जोडायची कुठे? मूत्राशय तर पार चेपलेलं.

नागपूरच्या एका सर्जनबाईंनी मात्र फिल्म बराच वेळ पाहिली. मूत्राशयाचा नाद सोडू, त्या म्हणाल्या. आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन लघवीला पोटावरून नवी वाट काढू. तिथं कायमची थैली लागेल. ती जखम भरली की मग किडनी.

थैलीचं ऐकून किसनसिंग बिथरला. चार लोकांत वावरायचं कसं? घरी येऊन त्यानं नाही म्हणून सांगितलं. पुष्पा दुसऱ्याच दिवशी पुसदहून आली.

"लोकायले थैली दिसंन म्हणून मरतं का तू?" ती म्हणाली. "माह्यापाशी दोन किडन्या हायेत. एक घे अन् चूप राह्य."

पहिलं ऑपरेशन झालं. थैली बदलायला बायको सोनीबाई नर्सकडून शिकली आणि तिनं ते नवऱ्याला शिकवलं. तीन महिन्यांनी बहीणभाऊ एकाच सकाळी आत गेले. दुपारी सर्जनबाई बाहेर आल्या. किडनीत रक्त सोडताच ती गुलाबी झाली आणि टेबलावरच थैलीत लघवी उतरली, असं त्यांनी सोनीबाईला सांगितलं. सोनीबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि पोटभर रडली.

पुष्पा शुद्धीवर आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "चालू झाली?"

झाली होती, आणि आज दोन वर्षं चालूच आहे.

यंदा तिजेच्या सणाला तांड्यावर पोरी डोक्यावर गव्हाचे कोंब उगवलेल्या टोपल्या घेऊन नाचल्या, तेव्हा नगाऱ्यावर किसनसिंग होता. घामाघूम होऊन थांबला तशी पुष्पानं तांब्या पुढे केला. डायलिसिसच्या दिवसांत त्याला पाणी पेल्यानं मोजून मिळायचं. त्यानं तो तांब्या उभ्या उभ्या रिकामा केला.

"बाई, अजून दे," तो बहिणीला म्हणाला.