आखाजीच्या तोंडावरचा चेक

"चेक देऊ, की टीटी करू?" धुळ्याच्या त्या जिनिंगच्या अकाउंटंटने चष्म्यावरून बघत विचारलं. जसं काही चहा घेणार की सरबत.

टीटी म्हणजे उद्या त्यांच्या बँकेतून तार जाणार आणि परवा माझ्या जळगावच्या खात्यात पैसे जमा होणार. चेक मात्र आत्ताच हातात. रोख देत नाही, हे त्याने मी बसायच्या आधीच सांगून टाकलं होतं. त्यांच्या गोदामाचं प्लॅस्टर संपवून महिना उलटला होता आणि आखाजी, म्हणजे आमची अक्षय्यतृतीया, चार दिवसांवर आली होती.

माझा मिस्तरी शेजारी उभा होता. पारोळ्याकडचा माणूस. त्याच्या हातचं प्लॅस्टर दाखवून मी कामं मिळवायचो, खोटं कशाला बोलू. त्या वर्षी त्याच्या लेकीची लग्नानंतरची पहिली आखाजी होती. तिला सासरहून आणायचं, साडी घ्यायची, जावयाचा मान करायचा. मजुरी मिळाली नाही तर एकच वाट होती. गावातला एक शेतकरी उचल द्यायला टपूनच बसला होता. पण आखाजीला उचल घेतली की वर्षभर त्याचा सालदार. मग थापी कुठली आणि ओळंबा कुठला. शेणकूर आणि औत.

मला टीटीच हवी होती. मी मिस्तरीकडे पाहिलं.

"चेकच ल्या भाऊ," तो हळूच म्हणाला. "तारना पैसा कोनी दख्या? हातमा कागद शे तं धीर शे."

पैसा त्याच्या घामाचा होता. त्याचं ऐकायला नको? मी हो म्हटलं. अकाउंटंटने चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारल्या, म्हणजे तो धुळ्यात काउंटरवर वटणं बंद. बसमध्ये मिस्तरी दर थोड्या वेळाने माझ्या खिशाकडे बघत होता आणि समाधानाने मान हलवत होता. पारोळ्याला तो उतरला.

जळगावला बँकेत सांगितलं, बाहेरगावचा चेक आहे, वसुलीला जाईल, पंधरा-वीस दिवस धरा. मला त्याची फिकीर नव्हती. दाणाबाजारातला एक आडत्या वटाव कापून असे चेक घ्यायचा आणि रोख द्यायचा, दरवेळी तोच माझा आधार. त्याने चेक उलटासुलटा करून परत दिला.

"आखाजीच्या तोंडावर रोकड मागता का भाऊ? गल्ला सगळा खेड्यावर गेला. सालदारांच्या उचलीला."

म्हणजे ज्या पैशाने मिस्तरी सुटायचा, तोच पैसा त्याला बांधायला गेला होता. मला आडत्याचा राग आला, बँकेचा आला, त्या दोन रेघांचा तर इतका आला की आजही आठवलं तरी डोकं तापतं. उसने मागायला मी ओळखीचं एकही दार सोडलं नाही. बायकोच्या पाटल्या आधीच सिमेंटमध्ये गेल्या होत्या. शेवटी ती म्हणाली, "आता बसा. पाणी प्या." मी बसलो आणि रडलो.

आखाजीच्या दिवशी जेमतेम साडीपुरते पैसे घेऊन मी त्याच्या गावी गेलो. निंबाला झोका बांधला होता. झोक्यावर त्याची लेक, अंगावर कोरी हिरवी साडी. मी काय ते समजलो.

"उचल लिधी भाऊ," मिस्तरी म्हणाला. "पोरले तं आनीच पडे." मग आग्रहाने मला आमरसाला बसवलं.

चेक वटला तेव्हा मी सगळी मजुरी घेऊन पुन्हा गेलो. आधी त्या शेतकऱ्याकडे. उचल परत घ्या, माणूस सोडा, म्हणून हात जोडले. तो म्हणाला, "आखाजीचा शब्द आहे. आता पेरणीच्या तोंडावर मी दुसरा माणूस कुठून आणू?" त्याचंही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

मिस्तरी गोठ्यात होता. हात शेणाने भरलेले, म्हणून त्याने पैसे हातात घेतले नाहीत. सदऱ्याचा खिसा पुढे केला. मी नोटा त्यात घातल्या.

त्याचा चेहरा उजळला. "दखं ना भाऊ," तो म्हणाला, "कागद खोटा नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं.