पक्का दुष्ट व्हायचं म्हणजे

म्हातारपणी गुडघं झिजतात आणि किस्से वाढत जातात. चार माणसं दर आठवड्याला एका चटईवर बसली, की दुसरं काय होणार?

नात तेजू कॉलेजात शिकती. रविवारी दुपारी कसबा बावड्यातल्या आमच्या घरात ती एक खेळ मांडती. तिनं गोष्ट सांगायची, आपण त्यातली माणसं व्हायचं, फासा टाकायचा. राक्षस, ड्रॅगन, जादू, सगळं तोंडी! खेळायला मी, माझा दोस्त बापू पैलवान आणि त्याची बायको सुमनवैनी.

पहिल्याच दिवशी तेजू म्हणाली, "आधी स्वभाव ठरवा. सज्जन का दुष्ट? ठरवलं तसं न्हाय वागला तर पॉवर जाणार."

"सज्जन. नियमानं चालणारा," बापू म्हणाला.

"दुष्ट. पक्का!" मी म्हणालो. "जन्मभर सज्जन राहून काय मिळालं? पित्त!"

मला जादूगार केलं.

*

पहिलाच राक्षस आला. बापूनं आधी त्याच्याशी हात मिळवला, मग उचलून चितपट केला.

"घाल की तलवार!" आम्ही ओरडलो.

"पाठ टेकली. कुस्ती संपली," म्हणत बापूनं पब्लिककडं बघून हात वर केला. गुहेत कुठलं पब्लिक! राक्षस उठला आणि मागनं गदा हाणली.

बापू ओरडला, "फाऊल!"

*

वैनी नृसिंहवाडीची पौर्णिमा चुकवत नाहीत. खेळातबी सज्जनच. एकदा आम्ही एक चोर पकडला, तो खजिन्याची वाट सांगंना.

"मारायचं न्हाय," वैनी म्हणाल्या. "तांबडा रस्सा वाढा, झणझणीत. संपला की परत वाढा. पाणी तेवढं देऊ नका."

चोरानं वाट सांगितली, वर पुढं होऊन खजिना उघडून दिला!

"वैनीआजी, हा छळ झाला की!" तेजू म्हणाली.

"पावण्याला जेवू घालणं छळ व्हय गं?"

*

मी शत्रूच्या गावच्या विहिरीत विष टाकायला निघालो. सहज विचारलं, "जनावरं कुठलं पाणी पित्यात?"

"त्याच विहिरीचं."

"मग आधी म्हशी सोडून नदीला न्या."

म्हशी सुटल्या, त्यांच्या मागं अख्खं गाव पळालं. विहिरीवर कुत्रंबी राहिलं नाही.

"आबा, गाव वाचलं. चांगलं काम धरणार. आणखी एक केलं, की तुमची जादू कायमची गेली!"

"आगं, म्हशींसाठी केलं!"

"तेच की!"

*

गेल्या रविवारी ड्रॅगननं बापूला जाळला. मेला तो खेळातनं बाद. बापूनं टोपी घातली आणि चप्पल शोधायला लागला. सोमवारपासनं रविवारची वाट बघणारा गडी तो!

"थांबा की," वैनी म्हणाल्या.

"मेलेल्या माणसाचं हितं काय काम?"

मेलेला उठवायचा मंतर माझ्याकडं होता.

तेजू म्हणाली, "आबा, बघा हं. बापूआजोबांना उठवलं, तर ते चांगलं काम. जादू गेली. न्हाय उठवलं, तर ड्रॅगनची गादी तुमची."

बापूला एक चप्पल सापडली होती.

"उठवतो!" मी म्हणालो. "पण चांगुलपणा बिंगुलपणा न्हाय! ह्या माणसाला मारायचा मान माझा हाय. ड्रॅगन कोण लागून गेला?"

तेजूनं लई वेळ विचार केला. "हे दुष्टच धरते. जादू राहिली."

बापू परत आला. टोपी काढली, माझ्यासमोर मांडी घातली आणि मान वाकवली.

"हं. मार की मर्दा आता!"

तेजू माझ्याकडं बघती, वैनी माझ्याकडं बघतात.

मी म्हणालो, "तेजू, आधी चहा टाक."